मावशीच्या नावाच्या टोप्या

तीर्थरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. हा नुसता कागदावरचा नमस्कार नाही, खरोखर घातलाय. आमच्या खोलीत दोन लोखंडी खाटांच्या मधे जेमतेम अडीच फूट जागा आहे. तिथे पालथा पडलो, कपाळ भोंग्याच्या बुटांना टेकलं, मग उठून हात धुतले आणि लिहायला बसलो. (भोंगा म्हणजे माझा खोलीतला जोडीदार. आवाज तसा, म्हणून नाव तसं.) एवढा मोठा नमस्कार कशासाठी, ते हळूहळू सांगतो. एकदम सांगितलं तर तू पत्र अर्ध्यात फाडशील, आणि माझं अक्षर असं आहे की फाडलेलं जोडून वाचणं तुला जमायचं नाही.

तुझी तब्येत कशी आहे? काकांचा खोकला? आणि मुख्य म्हणजे तुझे गुडघे कसे आहेत? तू म्हणशील, माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय, मी अजून दोन-दोन पायऱ्या एकदम चढते. मला माहीत आहे गं. पण इथे बावीस माणसं रोज सकाळी हजेरीच्या वेळी तुझ्या गुडघ्यांची चौकशी करतात आणि मी रोज मान खाली घालून "आहे, फरक आहे" म्हणतो. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन गेल्या महिन्यात झालं. ते मीच केलं. माफ कर. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूही घातलाय, पण तो अजून पिकू दिलेला नाही, तेवढी दया माझ्यात शिल्लक आहे. फोन का नाही केला म्हणशील, तर तू फोनवर मधेच "हं" म्हणतेस ना, त्या "हं"ला मी घाबरतो. पत्रात तो ऐकू येत नाही.

आता मूळ गोष्ट. तू शेजारणींना सांगतेस की आमचा मुलगा मोठ्या मशीनवर साहेब आहे. मशीन मोठं आहे, एवढंच त्यातलं खरं. चाळीस मीटर उंच लोखंडी खांब, त्याच्या टोकाला काचेची एक पेटी, तुझ्या मोरीपेक्षा लहान, आणि त्या पेटीत मी. खाली इमारत चाललीय. सळया, फळ्या, सिमेंटची बादली, जे काय लागेल ते मी हुकाला लावून वर न्यायचं. खालून भोंगा वॉकीटॉकीवर सांगतो, डावीकडे घे, सोड, थांब. ऐकायला बरं वाटतं, पण मावशी, या कामात निम्मा वेळ नुसतं "थांब" असतं. सिमेंटची गाडी आली नाही, थांब. वारा सुटला, थांब. आणि एका जागी बसणं म्हणजे मला काय आहे ते तुझ्याइतकं कोणाला माहीत! पहिल्या महिन्यात मी नुसता चाळा म्हणून खिडकीची रबराची पट्टी सगळी उपटून काढली. दुसऱ्या महिन्यात हात क्रेन चालवायच्या दांड्यांशी खेळायला लागले. तेव्हा मला शिकवणारा म्हातारा ऑपरेटर म्हणाला, "पोरा, हातांना काहीतरी दुसरं काम दे, नाहीतर हे हात कोणाचा तरी जीव घेतील."

म्हणून मी हातांना काम दिलं. मला येणारं दुसरं काम एकच होतं, आणि ते तू शिकवलेलं.

बाजारात लोकरीचं दुकान आहे. त्याच्यासमोरून मी तीन वेळा गेलो आणि तीनही वेळा शेजारच्या दुकानातून खिळे घेऊन आलो. (खोलीत आता पुष्कळ खिळे आहेत. काही लागले तर कळव.) चौथ्या वेळी आत शिरलो, चेहरा कडक केला आणि दुकानवाल्या बाईंना म्हणालो, मावशीने मागवलंय, लाल लोकर आणि क्रोशाची सुई, मधल्या मापाची. त्या म्हणाल्या, मधल्या म्हणजे कितीच्या? मी म्हणालो, तीन-साडेतीनची द्या, विणीचे खांब जरा सैल यायला हवेत. असं म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जे बघितलं! मी घाईघाईने म्हणालो, असं मावशी म्हणते. तेव्हापासून त्या बाई तुझ्यासाठी निरोप देतात. मावशीला सांगा ही लोकर धुतल्यावर आटते. मावशीला सांगा निळ्यात नवी छटा आलीय. म्हणजे तुझी थोरवी साइटवर पसरायच्या आधी बाजारात पसरली होती.

आणि खरं सांगू का? लाज वाटते ती वाटतेच, पण वर काचेच्या पेटीत बसून साखळीची पहिली ओळ घातली ना, तेव्हा एवढं बरं वाटलं की काय सांगू. हात विसरले नव्हते. साखळी, मग मुके खांब, मग पुरे खांब. वारा पेटीला हलवतोय, खाली माणसं मुंग्यांएवढी, आणि मांडीवर एकेक ओळ वाढतेय. सिमेंटची गाडी उशिरा यावी असं मला वाटायला लागलं. (हुकाला माल लटकलेला असताना मी सुईला हात लावत नाही. खोटारडा आहे, गाढव नाही.) पहिल्यांदा दांड्याच्या मुठीला लाल झबलं केलं, कारण थंडीत ती बर्फासारखी लागते. मग वॉकीटॉकीला झबलं. मग थर्मासला. तुझ्या घरात टीव्हीला, रेडिओला, पाण्याच्या पिंपाला, अगदी टेलिफोनच्या वायरीलासुद्धा कपडे होते आणि मी तुला हसायचो. आता माझ्या पेटीत एक अग्निशामक नळकांडं तेवढं उघडं राहिलंय, तेही नियमात बसत नाही म्हणून. मफलर मात्र जमत नाही. सुरू करताना चार बोटं रुंद असतो आणि संपेपर्यंत त्याची शाल होते. वळताना कुठेतरी एक टाका जास्त घेतो मी, कुठे ते सापडत नाही. मोजत गेलो की बावीसच्या पुढे भोंगा काहीतरी ओरडतो.

असे चार महिने सुखात गेले. मग एका सकाळी गुंडा पडला.

पेटीच्या तळाला खाली बघायला एक झडप आहे. मी भोंग्याने "थांब" म्हटल्यावर ती उघडून वाकून बघत होतो, आणि मांडीवरचा लाल लोकरीचा नवाकोरा गुंडा माझ्या आधी वाकला. मावशी, चाळीस मीटरवरून लोकरीचा गुंडा पडताना जे दिसतं ते देव कोणाला न दाखवो. तो सरळ पडत नाही. उलगडत, वाऱ्यावर झुलत, सावकाश, सगळ्यांना बघायला वेळ मिळेल अशा बेताने पडतो. त्याचं एक टोक माझ्या हातातल्या सुईत आणि दुसरं नेम धरल्यासारखं मुकादमाच्या हेल्मेटवर. टप्. आभाळातून त्याच्या डोक्यापर्यंत लाल दोरा. आमच्याकडे लाल म्हणजे धोका, त्यामुळे काम जागच्या जागी थांबलं. मग वॉकीटॉकीवर भोंग्याचा आवाज आला, एरवी नसतो इतका हळू, "दादा, वरून लोकर आलीय. पुढे काय करायचं?"

मुकादमाने दोरा एकदा ओढला. मी सवयीने परत ओढला. (मासा गळाला लागल्यासारखं झालं, फक्त मासा कोण ते कळत नव्हतं.) मग हुकूम आला, खाली उतर.

क्रेनवरून शिडीने उतरायला बारा मिनिटं लागतात. बारा मिनिटांत शहाण्या माणसाला एक चांगली थाप सुचायला हरकत नाही. मी पायरीपायरीला एक रचत होतो आणि पुढच्या पायरीला मोडत होतो. खाली पोचलो तर मुकादम उभा, आणि तो दोरा अंगठा आणि करंगळीभोवती आडवातिडवा घेऊन नीट गुंडाळत होता. हा माणूस, ज्याच्या आवाजाने सळया सरळ होतात असं आम्ही म्हणतो! त्याने विचारलं, "हे तुझं?"

मी म्हणालो, "माझं नाही. मावशीचं आहे. मी फक्त गुंता सोडवत होतो."

"गुंता सोडवायला एवढ्या वर गेलास?"

"वर जागा मोकळी असते, साहेब."

सगळे हसले. मुकादम हसला नाही. त्याने मला बाजूला नेलं आणि हळू आवाजात विचारलं, तुझी मावशी लहान बाळाचं टोपडं करेल का? वहिनींना (म्हणजे त्याच्या बायकोला) दिवस भरायच्या दोन महिने आधीच मुलगी झालेली, दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेली. तिच्या डोक्याला होईल असं टोपडं कुठे मिळत नव्हतं, सगळी गळ्यापर्यंत यायची. वहिनी स्वतः विणतात, पण त्या काळजीत त्यांच्या हातून एक टाका पडत नव्हता. त्याने मूठ वळून दाखवली, एवढं डोकं आहे म्हणाला, आणि मुठीकडेच बघत राहिला.

त्या क्षणी मी खरं बोलायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं. पण मागे भोंगा उभा होता, आणि त्याच्यामागे सगळी साइट. मी म्हणालो, विचारतो मावशीला.

पिवळ्या मऊ लोकरीचं टोपडं मी दोन दिवसांत केलं. तीन वेळा उसवलं. मापाला एक मोसंबं घेतलं होतं, मग मोसंबं मोठं वाटलं म्हणून लिंबू घेतलं, मग स्वतःची मूठ. तिसऱ्या दिवशी मुकादमाला दिलं. तो म्हणाला, एवढ्यात आलं? मी म्हणालो, गावाकडचा एक ड्रायव्हर येत होता. टोपडं बरोबर बसलं, मावशी. पोरीने ते चार आठवडे घातलं. तिची पेटी आणि माझी पेटी, दोन्ही काचेच्या, हे वर बसून मला सारखं आठवायचं.

यानंतर तू प्रसिद्ध झालीस. थंडीत हेल्मेटखाली घालायला एकाला टोपी हवी, मग दुसऱ्याला, मग सगळ्यांनाच. मागणी वाढली आणि माझा वेग तेवढा नाही, म्हणून उशिराला कारण लागायचं. तिथे तुझे गुडघे कामाला आले. आधी नुसते दुखत होते. टोप्या पंधराच्या वर गेल्या तेव्हा ऑपरेशन करावं लागलं. एकदा पांढऱ्या टोपीवर आतून ग्रीसचा काळा अंगठा उमटला, तर भोंगा सगळ्यांसमोर म्हणाला, "तुझी मावशी गॅरेजात आहे का रे?" मी म्हणालो, काकांची सायकल ती स्वतः दुरुस्त करते. त्यावर ही माणसं इतकी हळहळली, की या वयात, अशा गुडघ्यांनी, सायकलसुद्धा! संध्याकाळी कोणीतरी तुझ्यासाठी तेलाची बाटली आणून माझ्या उशाशी ठेवली.

ती बाटली बघत बसलो होतो तेव्हा मला कळलं की मी शिडीवरून उतरताना नवी थाप रचलीच नव्हती. जुनीच काढली होती. तुलाही आठवत असेल. मी दहा वर्षांचा होतो, कठड्यावरून उडी मारून पाय मोडून घेतला होता, आणि आईने मला तुझ्याकडे टाकलं होतं, कारण मला प्लास्टरमध्ये चाळीस दिवस बसवून ठेवणं दुसऱ्या कोणाला जमलं नसतं. तू शेजारी बसून हातात सुई दिलीस. तू डावखुरी, मी उजवा, पण शेजारी बसून जसं दिसलं तसं मी केलं, आणि तूही मोडलं नाहीस. मला फक्त साखळी यायची, म्हणून मी चाळीस दिवस साखळीच घातली. आपण ती घराभोवती मोजली होती, तीन वेढे आणि वर अंगणाच्या दारापर्यंत. तू ती घडी करून जपून ठेवणार होतीस.

मग पोरं मला बघायला आली. म्हणाली, अय्या, हा बघा विणतोय! मी म्हणालो, माझं नाही, मावशीचं आहे, मी फक्त गुंता सोडवत होतो. आणि त्यांना पटावं म्हणून मी टोक धरून ओढलं. साखळी कशी उसवते तुला माहीत आहे, एका ओढीत सरसर जाते. पोरं टाळ्या वाजवत होती, मीही हसत होतो. तू दारात उभी होतीस, पोरांसाठी सरबताचे पेले घेऊन. तू पेले दिलेस. सगळी गेल्यावर खाली बसून ती सगळी लोकर गुंडाळलीस. काही बोलली नाहीस, "हं"सुद्धा नाही. मला वाटलं, सुटलो. आज तेरा वर्षं झाली, मी सुटलेलो नाही. तेव्हा जे माझं होतं ते तुझं म्हणून मी उसवलं, आणि आता जे मी करतो ते तुझ्या नावावर खपवतो. दोन्ही वेळा तुझ्या मागे लपलो. लिहितानाही कान तापलेत.

आता संकट ऐक. मुकादमाची पोरगी घरी आली, छान आहे, रडायचा आवाज भोंग्याच्या तोडीचा. वहिनींचं माहेर तुमच्या बाजूचं निघालं. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ते तिघं तुझ्या दारात येणार आहेत, तुझे पाय धरायला. मी पत्ता द्यायला टाळाटाळ केली, तर मुकादम म्हणाला, "असं माणूस लपवून ठेवू नये रे." मी देतो म्हणालो.

तेव्हा पदर पसरून (पदर नाही, पण भावना समजून घे) एवढंच मागतो, की ते आले की टोप्या तूच केल्यास असं सांग. पिवळं टोपडं, बावीस टोप्या, भोंग्याचा एक मफलर जो शाल आहे. बाकी मी सांभाळून घेईन.

काकांना नमस्कार, सायकलीला तेलपाणी.

तुझा (पुढे "मुलगा" लिहिणार होतो, पण आज तो शब्द लिहायला तोंड नाही),
नुसता तुझा

ता. क. येतील तेव्हा उजव्या गुडघ्याला काहीतरी गुंडाळून ठेव. उजव्याच. ते तेल आणणार आहेत, ते घे, आणि सायकलीचा विषय निघाला तर काकांना खोकला येऊ दे.

ता. क. २. हे पत्र टाकायचं राहिलं. पाकीट चिकटवून चार दिवस खिशात घेऊन हिंडत होतो, टपालपेटी दिसली की रस्ता ओलांडत होतो. आज ते फोडून पुढचं लिहितोय, कारण काल सगळं उलटंपालटं झालं. वहिनी बाळाला घेऊन पत्ता न्यायला साइटच्या ऑफिसात आल्या होत्या. मुकादम होता, भोंगा होता, चहा होता. वहिनी म्हणाल्या, धुतल्यावर टोपड्याची कड सुटलीय, मावशींकडे पाठवायला वेळ नाही, तू जरा गाठ मारशील का? आणि पिशवीतली सुई पुढे केली. मी नुसती गाठ मारणार होतो. पण कड बघवेना, गं. एवढं चांगलं टोपडं आणि कडेला दात पडल्यासारखं. मी सुई घेतली आणि पूर्ण एक फेरी घातली, मुके खांब, शेवटी टोक आत ओवलं. मान वर केली तर सगळे माझ्या हातांकडे बघत होते. माझ्या हातातला चहा कधीच भोंग्याच्या हातात गेला होता. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "हे टोपडं ज्याने केलंय ते माणूस डावखुरं आहे, टाके बघूनच मला पहिल्या दिवशी कळलं होतं. पण तू तर आत्ता हजेरीवहीत सही उजव्या हाताने केलीस. मग हा हात कोणाचा?"

मी बघितलं. सुई डाव्या हातात होती. माझ्या तोंडात ते वाक्य तयारच होतं, तेरा वर्षं तयार आहे.

मी म्हणालो, "मावशीचा आहे."

आणि मावशी, पहिल्यांदाच ते खरं होतं. मग मी बाकीचंही सांगितलं. टोपड्याचं, मोसंब्याचं, साखळीचंसुद्धा. मुकादम उठला, आणि बाळ माझ्या मांडीवर ठेवून बाहेर निघून गेला.

म्हणून वर जे मागितलं ते आता मागत नाही. टोप्या मी केल्यात, तशा त्यांना माहीत आहेत. तू फक्त त्यांना भेट. आणि जमलं तर मफलर वळताना टाका कुठे वाढतो ते लिहून पाठव, कारण बाजारातल्या बाईंना आता मावशी म्हणते असं सांगता येत नाही.

ता. क. ३. भोंगा हसेल म्हणून इतके महिने घाबरलो होतो, तो आज संध्याकाळी माझ्या खाटेवर येऊन बसला आणि म्हणाला, शिकव. उजवा माणूस आहे, पण शेजारी बसून मी करतो तसं करतोय. त्याचाही डावाच हात चालायला लागलाय. मी मोडलं नाही.

ता. क. ४. सगळं सांगितलं असं वर लिहिलंय, पण तेलाची बाटली घेऊन बावीस माणसं समोर उभी राहिली की काय होतं ते तुला कळणार नाही. गुडघ्यांचं तेवढं सांगायचं राहिलंय. दार उघडायला येशील तेव्हा जरा लंगड.